बायडीच्या बोंबलाचा कणा

तारापूरच्या मांगेलआळीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, बायडीला काहीही बोललेलं चालायचं. तिच्या काळ्या रंगाला बोला, तिच्या नवऱ्याच्या, नवशाच्या, घोरण्याला बोला, गळक्या छपराला बोला. ती तुमच्याबरोबर हसायची आणि वर दोन गोष्टी पदरच्या सांगायची. पण तिच्या सुक्या बोंबलाला नाव ठेवायचं काम नाही. मग बायडी पदर खोचायची, आणि एकदा तिनं पदर खोचला की समोरच्यानं आपली वाट धरलेली बरी.

तिचा तोरा उगाच नव्हता. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्याला म्हणायचं वलांडी. दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. हे सगळ्याच बायका करत. पण संध्याकाळी दव पडायच्या आधी वलांडीवर जाळं-ताडपत्री टाकून झाकायचं, सकाळी उन्हाबरोबर उघडायचं आणि कावळ्यांशी दिवसभर भांडायचं, हे नेमानं करावं तर बायडीनंच. तिचा बोंबील मोडला की कडकन आवाज यायचा. "दव लागला नाय म्हणून बोलतो तो," ती म्हणायची.

हा बोंबील विकायचा तो आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आला की. तेव्हा घरोघरी चार महिन्यांची बेगमी भरतात. आणि पावसाचे चार महिने नवशाची होडी किनाऱ्यावर ओढलेली, दर्या बंद. आगोटीला बोंबील खपला तर घरात तांदूळ. नाही खपला तर बोईसरचा व्यापारी बैलगाडी घेऊन टपलेलाच असायचा, मातीमोलानं उचलायला. त्याच्या गाडीत आपला बोंबील टाकायचा म्हणजे बायडीला लेक विकल्यासारखं वाटायचं.

बरं, तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं आणि देवच पावला. कॉलनी उठली. नगरचे, साताऱ्याचे, कुठकुठचे लोक आले आणि त्यांच्या बायका बोंबलाला सोकावल्या. तीनचार आगोटी बायडीचा सगळा माल कॉलनीतच खपला. व्यापाऱ्याची गाडी आळीत आली की ती मुद्दाम दारात बसून दात कोरायची.

मग आला अडुसष्ट सालचा चैत्र, आणि आलं शैलाबाईचं व्याख्यान.

शैलाबाई म्हणजे कॉलनीतल्या एका इंजिनियरची बायको. पुण्याला जंतूंचा अभ्यास करून एम. एस्सी. झालेली, लग्नाआधी कॉलेजात शिकवणारी. इथं आल्यावर बिचारीला शिकवायला कोणी मिळेना. कॉलनीतल्या बायका दुपारी जमायच्या, स्वेटर विणायच्या (तारापूरच्या त्या घामट हवेत, पण गावाकडच्या भाच्यांना पाठवायला), आणि शैलाबाई त्यांच्यात मुकाट बसून दोन उलटे दोन सुलटे मोजायची. म्हणून तिच्याच घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, "शैलाताई, तुम्ही शिकलेल्या, दोन शब्द बोला ना," तेव्हा धरणाचं दार उघडल्यासारखं झालं.

बायडी तेव्हा पाटी घेऊन त्याच दारावरून चालली होती. सवाष्ण दारावरून जाते म्हणून शैलाबाईनं तिलाही आत बोलावलं, हळदीकुंकू लावलं, हातावर हरभरे ठेवले. बायडी उंबऱ्याशी टेकली.

"न्यूमोनियाचे जंतू दोन जातींचे," शैलाबाई सांगत होती. "एकाच्या अंगावर गुळगुळीत कोट. तो उंदराला टोचला की उंदीर मेलाच. दुसरा उघडाबोडका, त्याच्यानं उंदराला काही होत नाही. एका शास्त्रज्ञानं काय केलं, कोटवाले जंतू तापवून मारले आणि टोचले. उंदीर मजेत! मग ते मेलेले कोटवाले आणि जिवंत उघडे एकत्र करून टोचले. सांगा बघू, काय झालं?"

"काय होणार? एक मेलेला, एक गरीब," कुणीतरी म्हणालं.

"उंदीर मेला! आणि त्याच्या रक्तात सापडले कोटवाले जंतू, जिवंत!"

"अगं बया!" नगरच्या रंभाबाईनं सुईवरचे टाके सोडले.

"मेलेले उठले नव्हते हो. मेलेल्याच्या अंगातला कोट विणायचा नमुना उघड्यांनी उचलला. आपण नाही का शेजारणीचा जुना स्वेटर उसवून वीण उचलत? तसाच. तो नमुना म्हणजे डी. एन. ए. नावाचा एक लांबलचक धागा. त्याचा तुकडा जिवंत जंतूनं आत ओढला, आपल्या धाग्यात बसवला आणि कोट विणला. नुसता त्यानं नाही, त्याच्या पोरांनी, नातवंडांनीसुद्धा!"

इथंच थांबली असती तर काही बिघडत नव्हतं. पण समोर बायांचे चेहरे फुललेले, दोन वर्षांचं तुंबलेलं ज्ञान, आणि उंबऱ्याशी बायडीची पाटी. शैलाबाईनं दोन बोटांच्या चिमटीत एक सुका बोंबील उचलला. जन्मात मासळीला हात न लावलेली बाई, पण विद्येचा झटका आला की माणसाला भान राहत नाही.

"हा मेलाय. खडखडीत वाळलाय. पण बोंबील कसा विणायचा, तो नमुना ह्याच्या अंगात अजून शाबूत आहे बरं का!"

आणि तेवढ्यात आंबेडाळ आणि पन्हं आलं.

पन्हं आल्यावर व्याख्यानाचा उत्तरार्ध ऐकणारी बाई अजून जन्माला यायचीय. शैलाबाईचा उत्तरार्ध तिच्या तोंडातच राहिला. ती आत जाऊन साबणानं तीनदा हात धुऊन आली. बायडी मात्र उड्या मारतच घरी गेली. "माज्या बोंबलावर भाषन झाला कॉलनीत," तिनं अख्ख्या आळीला सांगितलं. "एम. ए. झालेल्या बायनं हातात घेऊन दाखवला!"

एम. ए. नव्हे, पण ते असू द्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दारात उत्तर मिळालं, "आज नको." दुसऱ्या दारात, "पुढच्या आठवड्यात बघू." तिसरं दार उघडलंच नाही. आतून नुसत्या बांगड्या वाजल्या. बायडी रंभाबाईच्या दारात आली. हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. रंभाबाईचा मुलगा बन्सी केंद्राच्या कामावर फिटर होता, आणि त्याची बायको सुगंधा हिला तिसरा महिना लागलेला. पोरीच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. टिकायचा तो फक्त बोंबलाचा ठेचा आणि भाकरी.

"बायडे, तू हितनं पुढं जा," रंभाबाई म्हणाली. "आन् पाटी झाकून जा."

"का गो बाय? काल तर हातात घेऊन..."

"त्येच तर! मेलेल्याचा गुण जित्याला लागतो, आन् पोरानातवंडापातूर जातो. शैलाबाईच म्हणल्या. बोंबलाचा कणा कसा असतो? लिबलिबीत. माझ्या सुनंनं खाल्ला तर लेकरू बिनकण्याचं व्हायचं. मान धरायचं न्हाई."

बायडी आधी खो खो हसली. मग तिला वाटलं, आत्ता हिला गप्प करते.

"बाय, तू लानपनापासून खातेस ना बोंबील? नगरच्या बाजारात काय कमी येतो? मग तुज्या कन्याला काय झाला?"

रंभाबाई हळूहळू वळली. पदर बाजूला करून तिनं आपली पाठ दाखवली. गेली दहा वर्षं ती कमरेत वाकून चालायची, कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्ता कळलं हे कशानं!" रंभाबाई म्हणाली.

बायडीनं कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवसांत कॉलनीत ज्या ज्या बाईची कंबर दुखत होती तिला तिला आपण खाल्लेले बोंबील आठवले. आणि कंबर कोणाची दुखत नाही हो? एकीनं तर नवऱ्याचा आळससुद्धा बोंबलाच्या खाती घातला.

बायडी पदर खोचून शैलाबाईच्या दारात गेली. सगळं ऐकून शैलाबाईला हसू आवरेना. पोट धरून हसता हसता तिनं बायडीकडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"हसू नको बाय. वलांडी भरली हाय, घर भरला हाय, पाऊस येल म्हैन्याभरात. व्यापाऱ्याचा मानूस काल आळीत येऊन मना बघून हसून गेला. तू बोललीस, तूच निस्तर."

शैलाबाई लगेच निघाली. रंभाबाईच्या ओट्यावर बायका जमल्या आणि राहिलेला उत्तरार्ध झाला. "अहो, जंतू कुठं, आपण कुठं! सगळे जंतूसुद्धा असं करत नाहीत. काही जातीच, तेही काही वेळेलाच, आपलं दार उघडतात. आपण खाल्लेल्याचा तर पोटात चुरा होतो. नमुना उसवून नुसता दोरा उरतो. मेथी खाऊन कुणाला पानं फुटलीत का?"

"मग त्यो उंदीर का मेला?" रंभाबाईनं विचारलं.

"उंदरानं खाल्लं नव्हतं. त्याला सुई टोचली होती."

"म्हंजी सुईनं लागतं!"

झालं! त्या दिवसापासून दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला कुणी बाई जाईना. कंपाउंडर शैलाबाईच्या नावानं बोटं मोडायला लागला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बोंबील होता तिथंच राहिला.

चार दिवसांनी बायडी भरली पाटी तशीच घेऊन परतत होती, तेव्हा कॉलनीच्या नळाशी सुगंधा भेटली. पोरीचे डोळे आत गेले होते. गळ्यातली पोत ओघळलेली.

"मावशी, एक तुकडा द्या. इथंच खाते. आत्याबाईंना कळायचं न्हाई."

बायडीचा हात पाटीत गेलाच होता. सासूला धडा शिकवायची याहून बरी संधी कुठली?

"त्यांच्यावर रागावू नका हं," सुगंधा म्हणाली. "माझं पहिलं मेलेलंच जन्मलं. आत्याबाईंनीच पदरात घेऊन नेलं त्याला. तवापासून माझ्या ताटातला घास आधी त्या बघतात."

बायडीचा राग फसकन बसला. आठ दिवस ती मनातल्या मनात रंभाबाईला शिव्या घालत होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं हात पाटीतून बाहेर काढला.

"चोरून नाय देनार, पोरी. उद्या काय इकडंतिकडं झाला तर ती मना नाय माफ करनार. आनि मी पन नाय करनार." एवढं बोलून ती तरातरा चालायला लागली. इकडंतिकडं काय होणार होतं? काहीच नाही, मेथी खाऊन कुणाला पानं फुटली नाहीत. तरीसुद्धा ते वाक्य तिच्या तोंडातून निघालं होतं आणि वाटभर तिच्या पायात येत राहिलं.

ती घरी गेली नाही. परत शैलाबाईच्या दारात.

"बाय, आता बोलून काय उपेग नाय. तुज्या तोंडातून निगाला, तुज्याच तोंडात गेला पायजे. तू खा."

"मी?" शैलाबाईचा चेहरा पडला. "मावशी, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी..."

"तुजा तुज्या बोलन्यावर इस्वास हाय का नाय?"

शैलाबाईनं पाटीकडं पाहिलं. मग म्हणाली, "आहे. उद्या रंभाबाईंच्या ओट्यावर. पण तिखट कमी घाला."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायडीनं रंभाबाईच्याच चुलीवर बोंबील भाजले, कांदा-मिरची-चिंच घालून ठेचले. वास सुटला. ज्यांनी आठ दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं त्या बायकांनी गुपचूप आवंढे गिळले. आत खाटेवर सुगंधा उठून बसली. शैलाबाईपुढं ताटली आली, तशी ती ताटलीकडं अशी बघायला लागली की जणू बोंबीलच तिला खाणार आहे.

"पर शैलाबाईंनी खाऊन काय हुतंय?" रंभाबाई म्हणाली. "त्या काय पोटुशा हाईत व्हय?"

शैलाबाईनं पदर सारखा केला. "आहे," ती म्हणाली. "मलाही तिसराच महिना आहे. सांगणार नव्हते एवढ्यात कुणाला."

ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि बायडीचं काय झालं म्हणता? तिचा हात झटकन पुढं गेला, ताटली ओढून घ्यायला. अर्ध्या वाटेवर तिला कळलं आपण काय करतोय ते. विकणारीनंच ताटली ओढली तर संपलंच सगळं, बोंबील गेला आणि ह्या पोरीचा शब्दही गेला. तिनं तो हात मागं घेतला आणि पदराखाली घालून घट्ट दाबून धरला. सगळ्यांचे डोळे शैलाबाईवर होते म्हणून निभावलं.

शैलाबाईनं पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. चावला, गिळला. दुसरा घेतला.

"बाई, जबरदस्तीनं नका गिळू," रंभाबाई कळवळून म्हणाली.

"खाते," शैलाबाई म्हणाली आणि तिसरा घेतला. "मीठ बरोबर झालंय."

रंभाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. शब्द तिनं आधीही ऐकले होते, ते पालथ्या घड्यावर पाणी. पण सात पिढ्या मासळी न शिवलेल्या घरची बाई, पोटात लेकरू, आणि खाते आहे. तिनं एकदम शैलाबाईच्या पुढची ताटली उचलली, भाकरी त्यावर टाकली आणि आत गेली. सुगंधा जेवली. चाटूनपुसून जेवली. सगळ्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या राहून पोरगी ओकतेय का बघत राहिल्या. ती ओकली नाही. तिला ढेकर आला, तसं रंभाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"माझी बेगमी काढून ठेव बायडे," ती आतूनच ओरडली. "दोन घरांची! शैलाबाईंची मी देती."

"नको हो," शैलाबाई घाईघाईनं म्हणाली. "माझा प्रयोग संपला."

मृग लागायच्या आत बायडीचं घर रिकामं झालं. वलांडीवर दोऱ्या तेवढ्या राहिल्या. व्यापाऱ्याची गाडी आळीत आली तेव्हा बायडी दारात बसलीच होती, पण दात कोरायची आठवण तिला राहिली नाही. तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

त्या पावसाळ्यात घरात तांदूळ होता, नवशा होडीला तेल लावत बसला होता, आणि बायडी चिखल तुडवत पुन्हा पुन्हा कॉलनीत जायची. विकायला पाटीत काही नाही. "सहज आली," म्हणायची. सुगंधाला विचारायची, "हलतं ना? लाथ मारतं ना जोरात?" मग शैलाबाईला तेच. एकदा गावदेवीला तिनं दोन नारळ वाहिले. नवशानं विचारलं, दोन कशाला? तर त्याच्यावरच खेकसली.

दिवाळीच्या तोंडावर दर्या मोकळा झाला होता, वलांडी पुन्हा भरली होती. सुगंधाला मुलगी झाली, पालघरच्या दवाखान्यात. शैलाबाईलाही मुलगीच, दहा दिवसांच्या अंतरानं. दोघी घरी आल्याचं कळलं तशी बायडी नव्या बोंबलाची पाटी घेऊन रंभाबाईच्या दारात हजर. शैलाबाई आपलं बाळ घेऊन तिथंच बसली होती.

रंभाबाईनं कौतुकानं नात बायडीच्या मांडीवर ठेवली. "बघ, कुणासारखी दिसती?"

बायडीनं तोंड बघितलंच नाही. तिनं बाळ अलगद तळव्यावर पालथं घेतलं, अंगडं वर केलं आणि मानेपासून खालपर्यंत कण्यावरून अंगठा फिरवत नेला. एकेक मणका चाचपत. मग पुन्हा एकदा, वरून खाली.

मान वर केली तेव्हा रंभाबाई तिच्याकडंच बघत होती.

"काय गं बायडे?"

"काय नाय." बायडीनं अंगडं खाली ओढलं. "ताठ हाय."

"मला ठावं हाय," रंभाबाई हळूच म्हणाली. "रोज न्हाऊ घालताना मी बघती."

दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. बायडीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी ती हसत होती. आता आपली फजिती होणार हे तिला ठाऊक होतं. समोर एम. एस्सी. झालेली बाई बसली होती, तिच्यादेखत हा प्रकार झाला होता.

पण शैलाबाईनं मांडीवरचं आपलं बाळ उचललं, त्याचं दुपटं सोडलं आणि ते पालथं करून बायडीपुढं धरलं.

"मावशी," ती म्हणाली, "जरा हिचाही बघा."